एक सूत कमी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. हो, माझ्या पोटात दुखत होतं. जेवणामुळे नव्हे.

आमचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि भिंगाचं. भिंग हा माझा भागीदार. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, म्हणून भिंग. तो मला करवत म्हणतो. एक तर लाकूड मी कापतो, आणि दुसरं कारण माझी बायको सांगेल. एकतीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे आहोत. तो काच कापतो आणि माप मोठ्यानं सांगतो. मी त्या मापाच्या पट्ट्या कापून कोपरे जुळवतो. दुपारी माझ्या बायकोच्या हातचा डबा दोघांत खातो. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून डब्यात एक खण वाढलाय.

आता धंद्यातली एक गोष्ट, घरातली समजा. भिंग माप नेहमी एक सूत जास्त सांगतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फार नाही, पण चौकटीत तेवढ्यानं काच खुळखुळते. काच बारा इंच असली की हा ओरडणार, "बारा आणि एक सूत!" चष्म्यामुळे होत असेल. माणसाला त्याच्या डोळ्यांवरून बोलू नये, म्हणून मी कधी बोललो नाही. गुपचूप एक सूत वजा करायचं आणि बारावर कापायचं. काच चपखल बसायची. पहिल्या वर्षापासून हे असंच चालू होतं आणि जगात फक्त मला माहीत होतं.

यंदा बायकोनं हट्ट धरला की समुद्र बघायचा. आयुष्यात पहिल्यांदा दहा दिवस दुकान बंद केलं. चौकटी पोचवायची आमची जुनी गाडी काढली. मी चालवायला, भिंग शेजारी नकाशा घेऊन, बायको मागे उशांच्या ढिगात. दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना क्लच गेला. ढकलत, शिव्या देत आम्ही वरच्या गावात पोचलो. गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं, आत बघितलं आणि कोणी गेल्यासारखा चेहरा केला. "पार्ट खालून मागवावा लागेल. दोन दिवस धरून चाला."

गाव म्हणजे एक कॉलेज आणि त्याला लटकलेली घरं. जिकडे बघावं तिकडे चढ नाहीतर उतार, आणि त्यावरून पाठीला पिशव्या लावलेली पोरं-पोरी धापा न टाकता गप्पा मारत चाललेली. झेरॉक्सची चार दुकानं, वह्यांची तीन. आम्हाला कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोल्या मिळाल्या. खिडकीतून दरी दिसत होती आणि ब्लँकेटला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बायको म्हणाली, "समुद्र नाही तर नाही, हेही छान आहे." मी म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. काय बिघडणार?

बिघडलं ते लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी. चहा घेऊन आम्ही कॉलेजच्या मुख्य इमारतीत शिरलो, नुसते टंगळमंगळ करत. लांबलचक व्हरांडा, आणि भिंतीवर दोन्ही बाजूंनी चौकटी. दरवर्षी पास होऊन गेलेल्या मुलांचे गटाचे फोटो, शेकड्यानं. निम्म्या चौकटींना कीड लागलेली, काचा तडकलेल्या. आम्ही दोघे थबकलो. न्हाव्याची नजर डोक्यावर जाते ना, तसंच.

"हे कोणी केलंय रे?" भिंग एका कोपऱ्याला नाक लावून म्हणाला. "बघ तरी. खिळे ठोकलेत कोपऱ्यात."

"गुन्हा आहे हा," मी म्हटलं.

"आहेच," मागून आवाज आला. "म्हणून तर सगळ्या बदलतेय."

कॉलेजच्या सुतारकामाच्या वर्गाची बाई. पंचावन्नच्या आसपासची, जाड कापडाचा एप्रन, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. पुढच्या महिन्यात कॉलेजला शंभर वर्षं होणार होती, तोवर दोनशे चौकटी नव्या करायच्या होत्या. लाकूड ती कापत होती, पण काचा कापणारा माणूस काम सोडून गेलेला.

"काच?" भिंग म्हणाला. एवढंच. पण मी त्या माणसाला ओळखतो. त्याचे कान उभे राहिले.

"बघायला येता का वर्कशॉप?" ती म्हणाली.

"नुसतं बघून येतो," भिंग मला म्हणाला.

नुसतं बघून येतो! दुपारचं जेवण झालं, चहा झाला, स्वारीचा पत्ता नाही. पाच वाजता आला तो गुणगुणत. बोटांना काचेची भुकटी, चेहरा उजळलेला. तीन वर्षांत मी त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता ना मला? नाकाला मिरच्या झोंबल्या.

"काय हत्यारं आहेत रे तिथं! आणि उजेड! काचेवरचा ओरखडासुद्धा दिसतो मला." मग बूट काढता काढता, खाली बघत म्हणाला, "ती विचारत होती, राहता का म्हणून. हे काम संपेपर्यंत, आणि पुढे वाटलं तर कायमचं. मुलांना काचकाम शिकवायला माणूस हवाय त्यांना. राहायला खोलीही देतात."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, विचार करतो."

विचार करतो! नाही म्हणायला किती वेळ लागतो? तो खोलीत गेल्यावर मी येरझाऱ्या घालायला लागलो. आयत्या बिळावर नागोबा! एकतीस वर्षं मी सांभाळला, त्याचा चष्मा सांभाळला, त्याचं वाढीव माप सांभाळलं, आणि ही बाई अंबाड्यात पेन्सिल खोचून येते आणि तयार माणूस उचलून नेते.

बायको पलंगावर बसून पायाला तेल चोळत होती. ती हसायला लागली. "अहो, तुम्हाला सवत आली."

"फालतू बोलू नकोस."

"फालतू काय? लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्यासाठी कधी अशा येरझाऱ्या घातल्या नाहीत. आणि आपल्या गाडीत पुढच्या सीटवर कोण बसतं? भावोजीच ना?"

"त्याला नकाशा कळतो."

"बरं बरं," ती म्हणाली. "राहू नका म्हणावं त्यांना. सोपं आहे. तोंड उघडायचं आणि म्हणायचं."

सोपं आहे म्हणे. राहू नकोस, मला तुझ्याशिवाय दुकानात करमणार नाही, असं म्हणायचं? मी? त्या भिंगाला? त्यापेक्षा मी करवत गिळेन.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः वर्कशॉपला गेलो. म्हटलं, बघू तरी काय सोनं लागलंय तिथं. खरं सांगायचं तर काहीतरी खोट सापडावी म्हणून गेलो. खोट नव्हती. लांब खोली, पत्र्याचं छप्पर, एका बाजूला खिडक्याच खिडक्या. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आणि तिच्यावर तेच हत्यार टांगलेलं. भुसा झाडून पोत्यात भरलेला. आमच्या दुकानात भुसा आमच्याबरोबर घरी येतो. मी स्टुलावर बसलो. बाईनं चहा दिला, तोही चांगला होता. सगळंच चांगलं होतं, तेच तर दुखत होतं.

भिंग माझ्या जागेच्या समोर उभा होता. म्हणजे माझी जागा जिथे असायला हवी तिथे ती उभी होती, करवतीपाशी, आणि तो समोर. तोवर त्यानं नुसत्या काचाच कापल्या होत्या. चौकट जुळवायची त्या दोघांची ही पहिलीच वेळ. त्यानं काच कापली, मोजपट्टी लावली. मला बसल्या जागेवरून पट्टीवरचा आकडा दिसत होता. पंधरा आणि दोन सूत.

"पंधरा आणि तीन सूत!" भिंग ओरडला.

"पंधरा आणि तीन सूत," ती बाई म्हणाली, आणि बरोबर तेवढ्यावर पेन्सिलीची खूण केली.

माझ्या जिभेवर आलं होतं. बाई, त्याच्या मापातून एक सूत वजा करायचं असतं, एवढंच वाक्य. माणुसकी असती तर बोललो असतो. मी चहाचा घोट घेतला आणि गप्प बसलो. होऊ दे म्हटलं. कळू दे तिला, हा माणूस वाटतो तितका सोपा नाही. त्याला सांभाळायला कोणीतरी लागतं.

तिनं चारही पट्ट्या कापल्या, जुळवून बघितल्या. कोपरे सुरेख. भिंगानं काच ठेवली. खुळखुळली. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आतून उकळ्या फुटत होत्या. वरून मी चिंतेचा चेहरा केला. "अरेरे," असंही म्हटलं बहुतेक.

बाईनं पट्ट्या पुन्हा मोजल्या. "मी पंधरा-तीनवरच कापलंय."

भिंगानं काच मोजली. मग तो थांबला. काचेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग चष्म्यातून सरळ माझ्याकडे. आणि खो खो हसायला लागला.

"चूक माझी हो, बाई. सवय! तुम्ही बरोबर कापता, हे लक्षातच आलं नाही माझ्या." त्यानं दुसरी काच घेतली, कापली, पट्टी लावली. "अठरा आणि चार सूत."

मी मान लांब करून बघितलं. अठरा आणि चार सूतच होतं. तिनं अठरा आणि चार सुतावर कापलं. काच अशी बसली की हूं नाही की चूं नाही.

मी चहाचा कप खाली ठेवला. तो सांडला.

म्हणजे ह्या माणसाला बरोबर दिसत होतं! डोळ्यांचा काही दोष नव्हता. एकतीस वर्षं तो मला मुद्दाम चुकीचं माप सांगत होता.

परत येताना उतारावरच मी त्याला धरला. बायको वह्यांच्या दुकानासमोर उभी होती, तीही आली. जाणारी-येणारी पोरं बघत होती, बघेनात का.

"तू मला एकतीस वर्षं खोटं माप सांगितलंस?"

"खोटं नाही रे. वाढीव. तू नेहमी एक सूत कमी कापतोस, म्हणून मी एक वाढवून सांगायचो. पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. म्हटलं, माणूस तापट आहे, उगाच कशाला दुखवा."

"मी कमी कापतो कारण तू वाढवून सांगतोस!"

"मी वाढवून सांगतो कारण तू कमी कापतोस!"

"मी तुझ्या डोळ्यांना जपत होतो, गाढवा!"

"आणि मी तुझ्या हाताला!"

बायकोनं डोक्याला हात लावला. "काचा बसत होत्या ना? कोणी गिऱ्हाईक परत आलं का कधी? मग रस्त्यात तमाशा कशाला?"

पण मला ते पुरेसं नव्हतं. मला वेगळंच टोचत होतं आणि ते मी बोलूनही टाकलं. "तिला दुसऱ्याच चौकटीला खरं माप सांगितलंस. मला एकतीस वर्षांत एकदाही नाही."

भिंग हसायचा थांबला. "तिला खरं सांगावं लागतं. ती परकी आहे."

हे वाक्य मला आज कळतं. त्या वेळी फक्त 'ती' हा शब्द कानात राहिला. जळणाऱ्याला अर्धंच ऐकू येतं.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी तयार झाली. मी बोनेट दोनदा उघडून बंद केलं, उगाच. भिंग आला तो बॅगेशिवाय. बघूनच कळलं.

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला. "मी राहतोय. दोनशे चौकटी तर करतो, मग बघू."

"आणि दुकान?"

"तू आहेस की."

"तुला दिसत नाही धड," मी म्हटलं. "चार दिवसांत कळेल तिला. मग हाकलून देईल."

त्याला दिसतं हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. तरी बोललो. बायकोनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळा होता.

भिंगानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याशी नाही, बायकोशी बोलला. "वहिनी, तिकडे घरी जातो ना, तर प्रत्येक खोलीत ती नाहीये. स्वयंपाकघरात नाहीये, दाराशी नाहीये. इथल्या खोलीत ती कधी नव्हतीच. काल मला पाच तास सलग झोप लागली."

बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, झोप माझ्या घरी येऊन काढ, पुढच्या खोलीत गादी घालतो. मला तू हवा आहेस. एवढं सगळं घशापर्यंत आलं, आणि तोंडातून काय बाहेर पडलं?

"राहा की मग. कोण अडवतंय तुला?"

"बरं," तो म्हणाला. थोडा वेळ उभा राहिला, आणखी काही येतंय का बघत. मग नकाशाची घडी करून सीटवर ठेवली आणि चढ चढायला लागला. वर वर्कशॉपच्या दारात ती बाई उभी होती. तिनं हात केला. मलाही केला. मी गाडी सुरू केली.

बायको पुढे येऊन बसली. "अठ्ठावीस वर्षांनी मिळाली ही जागा," ती म्हणाली, पण तिलाही हसू आलं नाही. आम्ही दोनदा रस्ता चुकलो. समुद्र बघितला. मोठा होता. बायको पाण्यात उभी राहून ओरडत होती आणि मी वाळूत बसून हिशेब लावत होतो की आता त्यांच्या किती चौकटी झाल्या असतील. एकट्यानं जळण्यात काही गंमत नसते. दोघांत असताना निदान भांडता येतं.

घरी आलो, दुकान उघडलं. टेबलाच्या त्या बाजूला त्याची काच कापायची हिऱ्याची पेन पडली होती. जुनी पेन. नवी तिथं मिळाली असणार. पहिलं गिऱ्हाईक एक आजोबा. नातवानं रंगवलेलं चित्र होतं, हिरवा हत्ती. "तासाभरात येतो," म्हणून गेले.

काच मीच कापली. चांगली कापली, उगाच नाव ठेवणार नाही स्वतःला. मोजली. बारा इंच. "बारा!" मी मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या दुकानात. पट्ट्या कापल्या, कोपरे जुळवले, काच ठेवली.

बसेना.

मोजून बघितलं. पट्ट्या एक सूत कमी. म्हटलं, लक्ष नव्हतं. पुन्हा कापल्या. पुन्हा एक सूत कमी. तिसऱ्यांदा तर मी खुणेकडे डोळे फाडून बघत होतो, तरी करवत लावताना हात आपोआप अलीकडे सरकला. हात माझं ऐकत नव्हता. बारा म्हटलं की त्याला कमी करायचं, एवढंच त्याला माहीत. भिंग खरं बोलत होता. निदान एकतीस वर्षांत ते खरं झालं होतं. टेबलाखाली नासलेलं लाकूड पडलं होतं आणि हत्ती बाजूला तसाच.

मी फोन लावला. पलीकडे तिच्या करवतीचा आवाज येत होता. एकसारखा चालणारा, चांगला आवाज. माझं काळीज पुन्हा जळलं.

"काय रे करवत?"

आठवड्याभरानं बोलत होतो. कसा आहेस वगैरे काही नाही. मी म्हटलं, "काच बारा आहे. माप सांग."

पलीकडची करवत थांबली. मला वाटलं, आता हसेल. हसला नाही.

"बारा आणि एक सूत," तो म्हणाला.

मी फोन टेबलावर ठेवला, त्याच्या बाजूला. नवी पट्टी घेतली. बारा आणि एक सूत, असं मनात म्हटलं, आणि हात आपला तो आपोआप अलीकडे सरकला आणि कापून मोकळा झाला. चार पट्ट्या, चार कोपरे. काच आत ठेवली. बोटानं दाबायचीसुद्धा गरज पडली नाही.

फोनमधून आवाज आला. "बसली का रे?"

हिरव्या हत्तीवर काच तंतोतंत बसली होती.

"नाही बसत," मी म्हटलं. "तू येऊन बघ."